गच्चीवर मासे, त्यांच्या पाण्यावर पालक: खानदेशात हे जमतं का?

निळ्या पिंपात मासे, पिंपावर ट्रे, ट्रेमध्ये लग्नाच्या मांडवासारखी तरारलेली भाजी, आणि मागून एक उत्साही आवाज: माती नको, खत नको, पाणी नको! असा एक तरी व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आलाच असेल. मला तर आठवड्याला दोन येतात. पाठवणाऱ्यांत भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले मेव्हणे आहेत, अमळनेरची मावसबहीण आहे, आणि केळीच्या भावाला कंटाळलेला रावेरकडचा एक मित्रही आहे. प्रश्न सगळ्यांचा एकच. हे आपल्याकडे होतं का?

होतं. माझ्या घरामागे तीन वर्षांपासून चालू आहे. पण ते व्हिडिओ जिथे संपतात तिथेच खरी गोष्ट सुरू होते. शिवाय त्यातले बरेचसे अशा गावचे असतात जिथे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काय हे कुणाला माहीत नसतं.

नाव आणि त्याचे भाऊबंद

या पद्धतीचं नाव अ‍ॅक्वापोनिक्स. मासे आणि भाजी एकाच फिरत्या पाण्यावर वाढवायची. मासे खातात, पाणी घाण करतात; ते पाणी पंपाने भाजीच्या वाफ्यात जातं, तिथे भाजी त्यातलं खत शोषून घेते आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं.

२०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, तेव्हापासून बायोफ्लॉक हा शब्दही गावोगाव पोचला आहे. त्याच्याशी गल्लत करू नका. बायोफ्लॉकमध्ये नुसते मासे असतात, भाजी नसते. आणि हायड्रोपोनिक्समध्ये नुसती भाजी असते, मासे नसतात. पाण्यात खताचे क्षार विरघळवून देतात. आपलं प्रकरण या दोघांच्या मधलं.

खरं पीक डोळ्यांना दिसत नाही

माशांनी घाण केलेलं पाणी भाजीला थेट चालत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. अमोनिया माशांना विष, आणि भाजीलाही तो तसाच फारसा रुचत नाही. मधे कुणीतरी तिसरा लागतो.

हा तिसरा म्हणजे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशांना विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट भाजी आवडीने खाते आणि माशांना त्याचा फारसा त्रास नाही. हे काही नवलाचं नाही. कपाशीला युरिया टाकता तेव्हा त्याचा जमिनीत आधी अमोनिया होतो आणि मग याच कुळातले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. फरक इतकाच की काळ्या मातीत ते आयते असतात. नव्या टाकीत ते नसतात. तिथे त्यांची वस्ती आपल्याला बसवावी लागते.

मी याला विरजण म्हणतो. दुधात विरजण घातलं की लगेच दही होत नाही, आणि थंडीत जरा जास्तच वाट बघावी लागते. तसंच इथे. उबदार दिवसांत तीन ते पाच आठवडे लागतात, डिसेंबरात त्याहून जास्त. आणि शेजारणीकडून वाटीभर विरजण मिळालं तर काम लवकर होतं, तसं कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतली दोन घमेली खडी मिळाली तर तुमचे आठवडे वाचतात. खडी ओलीच आणायची. वाळली की जिवाणू मेले.

माझे पंधरा मासे कसे गेले

मला हे सगळं वाचून माहीत होतं, तरीही उत्साहात पहिल्याच दिवशी पंधरा मासे सोडले. पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. चौथ्या दिवशी मासे खाईनासे झाले. सातव्या दिवशी कल्ले लाल दिसू लागले. दहाव्या दिवशी सकाळी मी जाळी घेऊन टाकी रिकामी करत होतो आणि धाकटी मुलगी माझ्याशी बोलत नव्हती.

अमोनिया दिसत नाही, एवढाच त्याचा धडा. त्यामुळे मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारं थेंब टाकून रंग बघायचं तपासणी किट आधी आणा, मासे नंतर. सुरुवातीला माशांऐवजी अमोनिया आपणच द्यायचा. त्यासाठी लागतो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला भांड्यावर भुरभुरवायचा तोच. पण बाजारातल्या खड्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून शुद्ध घ्या. ५०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी. त्याने लिटरमागे साधारण २ मिलीग्रॅम अमोनिया होतो. किटवर आधी अमोनिया दिसेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही उतरून नायट्रेट दिसू लागेल. टाकलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आलं, की दही लागलं. मगच मासे.

आणखी एक. नळाचं पाणी थेट ओतू नका. त्यात क्लोरिन असतो, ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर असते. ती जंतू मारायलाच टाकतात, आणि आपले जिवाणूही जंतूच. उकळत्या दुधात विरजण घातल्यासारखं होतं. पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवून मग वापरायचं. तसंही आपल्याकडे कितीतरी गावांत नळ चार-आठ दिवसांनी येतो, त्यामुळे पाणी साठवून ठेवायची सवय कुणाला नव्याने लावायला नको.

टाकी, वाफा आणि वासुदेव प्याला

घरच्यापुरती मांडणी सोपी आहे. ५०० लिटरची एक टाकी. तिच्याजवळ, तिच्याहून उंच, १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल वाफा, खडीने भरलेला. छोटा पाण्यातला पंप, आणि वेगळा हवेचा पंप. बस.

खडी आपल्याकडे फुकटाच्या भावात मिळते. आपला काळा दगड या कामाला उत्तम, कारण तो पाण्यात विरघळत नाही. मात्र त्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. मूठभर खडीवर लिंबू पिळा. फसफसली तर ती खडी नको, पाणी कायम चुन्याचं राहील. खडी साधारण बोटाच्या पेराएवढी घ्या आणि धुळीचं पाणी थांबेपर्यंत धुवा. मी कंटाळून दोनदाच धुतली आणि पहिला महिनाभर टाकीत ताकच होतं.

वाफ्यात पाणी कायम भरून ठेवायचं नाही. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. शेतकऱ्याला हे सांगायला नको, तो वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. इथे दर तासाला एकदा पाणी भरायचं आणि निचरा होऊ द्यायचा, म्हणजे दर तासाला वाफसा. यासाठी अनेकजण घंटेच्या आकाराचा सायफन वापरतात. लहानपणी जत्रेत किंवा शाळेच्या प्रदर्शनात वासुदेव प्याला पाहिला असेल: पाणी चढत चढत बाळकृष्णाच्या पायाला लागलं की सगळा प्याला आपोआप रिकामा होतो. अगदी तेच तत्त्व. वाफ्यात पाणी ठरावीक उंचीला पोचलं की झपकन खाली उतरतं.

दिसायला फार सुंदर. पण हा सायफन लहरी असतो, पाण्याचा वेग जरा कमीजास्त झाला की अडून बसतो. सहा महिने त्याच्याशी भांडून मी साधा टायमर लावला: १५ मिनिटं पंप चालू, ४५ मिनिटं बंद. पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नाही, पण झोप लागते.

वाफ्यातली वरची चार-पाच सेंटीमीटर खडी कोरडीच राहायला हवी. म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डास अंडी घालत नाहीत. टाकीतल्या अळ्यांची काळजी नको, मासे त्या सोडत नाहीत. आरोग्य खातं डबक्यांत गप्पी मासे सोडतं ते त्यासाठीच.

गच्ची पेलेल का?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. वाफ्यातली खडी जवळपास तेवढीच. सगळं मिळून एक टन वजन दोन-अडीच चौरस मीटरवर, रात्रंदिवस. धाब्याच्या घरावर तर विचारही नको. सिमेंटच्या स्लॅबवरही मधोमध ठेवू नका. भिंत किंवा तुळई जिथे आहे तिथे, आणि तेही अभियंत्याला विचारून. अंगण, परसदार असेल तर गच्चीचा नाद सोडा. जमिनीवरचं पाणी थंडही राहतं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं.

मे महिना

अ‍ॅक्वापोनिक्सचं आजचं बरंचसं शास्त्र व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी केलेल्या कामातून आलं. समुद्राने वेढलेली बेटं ती. जळगाव-भुसावळची दुपार त्यांच्या हिशेबात नव्हती.

उन्हाची अडचण नुसत्या गरमीची नाही. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ सुद्धा नाही. आणि त्याच वेळी तापलेल्या पाण्यातल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. आवक घटली, खर्च वाढला. वर जिवाणूंनाही तोच प्राणवायू हवा असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, गुदमरताहेत. अशा वेळी खायला घालणं म्हणजे आगीत रॉकेल.

उपाय मात्र आपल्या घरातलेच आहेत. काळी टाकी असेल तर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला ठेवा, जमल्यास अर्धी जमिनीत पुरा. वर हिरवी शेडनेट, टाकीभोवती ओलं गोणपाट. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने टाकीही राहते, आणि आपल्या कोरड्या हवेत ही युक्ती कोकणापेक्षा कितीतरी चांगली चालते. हवेचा पंप एक क्षणही बंद नको. एप्रिलपासून खाद्य निम्म्यावर आणा. वाफ्यातला पालक काढून टाका, त्या उन्हात तो तसाही फुलावर जातो. त्या दोन महिन्यांत पुदिना, लाल माठ, अंबाडी तग धरतात.

वीज गेली तर? वाफा दोन तास कोरडा राहिला तर भाजी कुरकुरेल, मरणार नाही. मासे मात्र उन्हाळ्यात तेवढ्यात जाऊ शकतात. म्हणून इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप हवाच. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंपही मिळतो. तोही नसेल तर तांब्याने पाणी वर उचलून धारेने ओतत बसायचं. मी बसलो आहे, एका मध्यरात्री, दीड तास.

आपलं जड पाणी

बोअरच्या पाण्याने आपल्या गिझरच्या कॉइलची काय अवस्था होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता किंवा अल्कता मोजायची पट्टी, बहुधा ७.५ ते ८ च्या पुढेच असतो. मध्यम बिंदू ७, आणि अ‍ॅक्वापोनिक्सला साधारण तेवढाच हवा.

जास्त पीएचने दोन गोष्टी बिघडतात. एक, अमोनिया जास्त विषारी होतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास नऊ-दहा पटींनी वाढतो. दोन, भाजीला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत मोसंबीला होतं तेच. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे भाजीला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मागितलं की सहसा ईडीटीए हातात देतात; या पाण्यात ते टिकत नाही. पुड्यावर ईडीडीएचए लिहिलेलं मागा. ६ टक्क्यांचं असेल तर ५०० लिटरला १५-१६ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं, घाबरू नका.

दिलासा असा की आपले जिवाणू काम करता करता स्वतःच पाण्याची अल्कता खातात, आणि पीएच हळूहळू खाली येतो. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिल्या एक-दोन सरींनंतरचं पाणी पिंपात धरून ठेवलं तर तेच सगळ्यात स्वस्त औषध. लिंबू पिळून पीएच उतरवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दोन दिवसांत तो पुन्हा वर येतो.

"पाणी नको" या दाव्याचा हिशेबही इथेच करू. अशा मांडणीत रोज १ ते ३ टक्के पाणी उडतं. आपल्याकडे मे महिन्यात ३ धरा, म्हणजे ५०० लिटरमागे रोज १५ लिटर. एक हंडा. पाझरून काहीच वाया जात नसल्याने मातीतल्या वाफ्यापेक्षा हे खूप कमी, हे खरं. पण उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचं पाणी भरत गेलात तर टाकी हळूहळू खारट होते. म्हणून महिन्याला ५०-६० लिटर काढून कढीपत्त्याला, केळीला घाला आणि तेवढं नवं भरा.

कोणते मासे, आणि माळकऱ्यांनी काय करायचं?

परदेशी व्हिडिओंत तिलापिया असतो. तो चिवट आहे, पण आपल्याकडे तो पाळायला सरकारी परवानगी लागते. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्यावर तर २००० सालापासून बंदी आहे. कुणी स्वस्तात बोटुकली देऊ केली तरी घेऊ नका. रोहू, कटला तळ्यातले मासे, ५०० लिटरमध्ये ते अडकल्यासारखे राहतात. घरासाठी मला कोई कार्प हा रंगीत शोभेचा मासा सगळ्यात बरा वाटतो. तो ऊनही सोसतो, थंडीही. धुळ्याकडची थंडी कमी समजू नका, १० अंशांच्या आसपास तिलापिया मरू लागतो.

कोई पाळला की दुसरा प्रश्नही सुटतो. आमच्याकडे मुक्ताईची वारी चुकत नाही, मासे कापणं शक्यच नव्हतं. हे मासे खायचे नसतात. ते नुसते खातात, आणि भाजीला खायला देतात. मात्र त्यांच्या खाद्यात बहुधा मासळीची भुकटी असते, ज्यांना तेही चालत नसेल त्यांनी पुड्यावरचं वाचून घ्यावं. आणि मासे नकोसे झाले तर गिरणेत किंवा तापीत सोडू नका. परका मासा नदीत गेला की तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठतो.

"मासासना पानीनी भाजी? नको वो माय!"

हे आमच्या समोरच्या काकूंचं पहिलं वाक्य. त्यांना मी शेणखताची आठवण करून दिली, पण शंका रास्त आहे. गाईगुरांच्या, माणसांच्या आतड्यात जे पोट बिघडवणारे जंतू असतात ते थंड रक्ताच्या माशांच्या पोटात मुळात राहत नाहीत. ते येतात पक्ष्यांच्या विष्ठेतून, उंदरांतून, आपल्या न धुतलेल्या हातांतून. म्हणून टाकीवर जाळी हवी; ती खंड्या आणि मांजरीपासून मासेही वाचवते. पाणी पानांवर उडू द्यायचं नाही, आणि कच्ची खायची कोथिंबीर नीट धुवायची.

उलट एका बाबतीत ही भाजी जास्त भरवशाची. हिच्यावर कीटकनाशक मारताच येत नाही. मारलं तर आधी मासे मरतात. निंबोळी अर्कही माशांना पूर्ण निर्धोक नाही. मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा, अळ्या हाताने वेचायच्या. माशांना प्रतिजैविकंही देता येत नाहीत, विरजण मरतं.

काय पिकतं? पालक, पुदिना, कोथिंबीर, माठ, हिरवी मिरची, नशिबाने टोमॅटो. भरताची वांगी मी एकदा लावून पाहिली. झाड आलं, वांगी लिंबाएवढी. ती आसोद्याच्या मातीलाच शोभतात, तिथूनच आणा.

मग परवडतं का?

एक चौरस मीटर पालेभाजीला रोज साधारण ४० ग्रॅम माशांचं खाद्य लागतं. तेवढं खाणारे मासे म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे पंधरा. त्या खाद्यात ३२ टक्के प्रथिनं धरली तर सुमारे २ ग्रॅम नत्र, त्यातलं पाव-तिसरा हिस्सा मासे अंगी लावतात, बाकीचं पाण्यात. महिनाभराचं हे नत्र युरियाच्या भाषेत मांडलं तर जेमतेम ९० ग्रॅम. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे खताची बचत झाली ५३ पैशांची. त्यासाठी सव्वा किलो माशांचं खाद्य लागलं.

वर वीज. २० वॅटचा पंप दिवसाला ६ तास आणि ५ वॅटचा हवेचा पंप २४ तास, महिन्याला सव्वासात युनिट. फार नाही. पण टाकी, पाइप, शेडनेट, किट हे सगळं धरलं तर तुमची पालकाची जुडी बाजारातल्या जुडीपेक्षा महागच पडणार. जो कुणी गच्चीवरून महिन्याला अमुक हजार मिळतील असं सांगून प्रशिक्षणाची फी मागतो, त्याला हा हिशेब दाखवा. मी हे करतो कारण मला आवडतं, आणि कारण माझ्या मुलीला आता युरियाचं पुढे काय होतं ते माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं.

सुरुवात कधी, आणि गावाला गेलो तर?

आखाजीच्या सुमाराला सुरू करू नका, झोका बांधायला तो मुहूर्त चांगला आहे, याला नाही. जुलैअखेरीस पावसाचं पाणी हाताशी असताना टाकी भरा. पोळ्यापर्यंत विरजण लागतं. गणपतीनंतर मासे, आणि दसऱ्याच्या आसपास पहिला पुदिना.

गावाला जायचं झालं तर मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, त्यांना काही होत नाही. धोका असतो तो शेजाऱ्यांच्या प्रेमाचा. मासे माणूस दिसला की वर येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं बिचारे भुकेले आहेत. उरलेलं खाद्य कुजतं, अमोनिया चढतो. त्यामुळे शेजारच्या पोराच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. वर्तमानपत्राच्या कागदात मोजून पुड्या बांधा, एका दिवसाची एक, आणि डबा कपाटात कुलपात ठेवून जा.